जुन्या गाडीचे नवे छप्पर

बालाघाटातल्या एका परिचित गृहस्थांच्या अंगणात, टिनाच्या पडवीखाली, एक मोटारगाडी अनेक वर्षांपासून उभी आहे. तिला मोटार म्हणावे की घर म्हणावे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. गृहस्थांचे वडील जंगलाचे ठेके घेत. बैहर आणि लांजीकडच्या कुपांवर त्यांना महिना महिना मुक्काम करावा लागे. महायुद्धानंतर लष्कराचे ट्रक लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी त्यांतला एक घेतला आणि नागपूरच्या सुतारांकडून त्यावर सागवानाची बंदिस्त बांधणी करून घेतली. आत समोरासमोर दोन निजण्याचे बाक, स्टोव्हसाठी जस्ताच्या पत्र्याने मढवलेली फळी, पाण्याची पितळी टाकी आणि खिडक्यांना जाळ्या. आज ज्याला लोक ‘कॅम्पर’ म्हणतात ती वस्तू हे नाव ऐकण्यापूर्वीच या जिल्ह्याच्या जंगलात फिरत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या गाडीचे छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी बसले. छप्पर पत्र्याचे नव्हते. लाकडी कमानींवर सागाच्या पातळ फळ्या, त्यांवर जवसाच्या तेलात घोटलेल्या सफेत्याचा दाट थर, तो ओला असतानाच त्यावर ताणून बसवलेला कॅनव्हास, आणि पुन्हा सफेत्याचे हात, अशी त्याची रचना होती. त्या काळी रेल्वेच्या लाकडी डब्यांची छपरे बहुधा याच रीतीने करीत. नागपूरच्या सुतारांनी ती रीत तिथूनच उचलली असावी. कॅनव्हास एका कोपऱ्यात फाटला, पाणी फळ्यांत मुरले, फळ्या कुजल्या, आणि पुढचा भाग आतल्या बाकावर येऊन पडला. गृहस्थांनी गाडी दुरुस्त करण्याचे ठरवले आणि साहित्याशी थोडाफार संबंध असलेला माणूस म्हणून मला विचारले, ‘काय लावू?’ वास्तविक असा प्रश्न मिस्त्रीला विचारायचा असतो. त्यांनी तो तीन मिस्त्र्यांना विचारलाही होता, आणि तिघांनी तीन उत्तरे दिल्यामुळेच तो माझ्यापर्यंत आला.

ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या पहिल्या मिस्त्रीचे मत ॲल्युमिनिअमच्या पत्र्याचे पडले. हलका, स्वस्त, दोन दिवसांचे काम. दुसऱ्याने फायबरचा एकसंध साचा सुचवला. त्याला सांधाच नाही, मग पाणी शिरणार कुठून? तिसरा वयस्क सुतार होता. तो गाडीवर चढला, कुजलेली फळी नखाने उकरून पाहिली आणि म्हणाला, ‘होते तेच लावा.’ कारण विचारले तेव्हा त्याने खांदे उडवले. माझ्या मते तिघांत त्याचेच म्हणणे विचार करण्याजोगे होते. पण ज्या मताला कारण देता येत नाही, ते मत आहे की सवय आहे, हे तपासून पाहणे भाग असते.

असा प्रसंग आला की सुशिक्षित माणसाला थिसियसचे जहाज आठवते. अथेन्सच्या लोकांनी त्या वीराचे जहाज पिढ्यान् पिढ्या जतन केले. फळी कुजली की ती काढून तिच्या जागी दुसरी मजबूत फळी बसवली. मग ते जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तत्त्वज्ञ वाद घालत, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जमवून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? आपल्याकडे त्याहूनही जवळचे उदाहरण ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा मिलिंद रथात बसून आला, तेव्हा नागसेन भिक्षूंनी त्याला विचारले की, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणत गेला. शेवटी ‘रथ’ हे अवयवांच्या आधाराने वापरलेले केवळ एक नाव ठरले.

हे दोन्ही दाखले मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, ‘पण लावू काय?’

त्यांचे बरोबर होते. जहाजाचे कोडे फळी बदलून झाल्यानंतर सुरू होते. ती बदलली तर नाव टिकते की नाही, एवढेच त्यात पाहिले जाते. नवी फळी कोणत्या लाकडाची होती, ती कोणी बसवली, बसवणाऱ्याला काय ठाऊक होते, हे त्या वादात कोणी विचारत नाही. प्लुटार्कला ती मजबूत होती एवढे पुरते. माणसावर खरी जबाबदारी येते ती फळी हातात घेतानाच. म्हणून हा प्रश्न अस्तित्वशास्त्राचा कमी आणि नीतीचा अधिक आहे, असे मला वाटू लागले.

वस्तूच्या द्रव्याचा आग्रह धरणारी परंपरा आपल्याकडे आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती लाकडी आहेत आणि ठरावीक वर्षांनी त्या नव्या घडवल्या जातात. अलीकडचे नवकलेवर २०१५ साली झाले, त्याआधीचे १९९६ साली. लाकूड कडुनिंबाचेच लागते, तेही विशिष्ट लक्षणे असलेल्या झाडाचे, आणि ते शोधण्याचा विधी ठरलेला आहे. मूर्ती नवी असते. द्रव्याची जात, घडवणाऱ्यांचा वंश आणि कृतीचा क्रम मात्र तोच असतो. जपानमधील इसे येथील देवस्थानही दर वीस वर्षांनी नव्या लाकडात उभारले जाते. २०१३ साली ते बासष्टाव्यांदा उभारले गेले. दोन्ही ठिकाणी जुने लाकूड टिकवण्याचा हट्ट नाही. लाकडावर चालणारा हात टिकावा, ही मात्र तिथे आपोआप घडणारी गोष्ट आहे. वीस वर्षांपूर्वी हाताखाली काम केलेला तरुण पुढच्या खेपेला स्वतः शिकवायला उभा राहतो.

हे वाचताना मला आमच्याच घरांची छपरे आठवली. बालाघाट, गोंदिया, भंडारा या सगळ्या पट्ट्यात कालपरवापर्यंत घरांवर कवेलू असत. कुंभाराने चाकावर नळी घडवायची, ती उभी चिरायची, भट्टीत भाजायची. मग बांबूच्या कामट्यांवर एक पालथे आणि एक उताणे असे ते रचायचे. मृगाच्या आधी दर वर्षी छप्पर उकलून फुटके कवेलू काढायचे, नवे घालायचे आणि सारे पुन्हा रचायचे, हा घराघरातला नेम होता. या शाकारणीत एखाद्या घरावरचे सगळे कवेलू वीस-पंचवीस वर्षांत बदलून जात असतील. त्या घराला कोणी नवे घर म्हटले नाही, आणि थिसियसचे नावही कोणी घेतले नाही. हे कवेलू फोडण्याचे काम वानरांनी जितक्या निष्ठेने केले तितके पावसानेही केले नाही. शेवटी माणसे कंटाळली आणि टिनाकडे वळली, त्याचे निम्मे श्रेय त्या टोळ्यांना द्यावे लागेल.

टिन आल्याने दर वर्षीची कटकट गेली. टिनाखाली मे महिन्यात दुपारी बसवत नाही आणि पावसात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, पण घर गळत नाही, आणि गरिबाला हे लहान सुख नाही. टिनाच्या घरात राहणाऱ्याला ‘तुम्ही परंपरा सोडली’ असे सांगण्याचा अधिकार सिमेंटच्या स्लॅबखाली निजणाऱ्या मला तर मुळीच नाही. मात्र टिनाबरोबर शाकारणी गेली, तिच्यामागोमाग कवेलू घडवणारे कुंभार त्या कामातून गेले, आणि आज कोणाला हौसेने कवेलू घालायचे झाले तर ते मिळवायला गावोगाव फिरावे लागते. टिकाऊ वस्तू माणसाला देखभालीतून सोडवते. तिच्याकडे वर मान करून पाहायचे कारणही मग उरत नाही. त्या गाडीचेच उदाहरण घेतले तर, दर दोन-तीन वर्षांनी छपरावर रंगाचा हात फिरत होता तोवर ते टिकले. वडील गेले, हात फिरायचा थांबला, आणि कॅनव्हासची फाट कोणाच्या लक्षातच आली नाही.

फायबरच्या मिस्त्रीचा मुद्दा इथे पुन्हा तपासावा लागतो. सांधा नसलेले छप्पर गळत नाही हे खरे. पण खाली लाकूड आहे, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो आणि जुलैत हवा पाण्याने जड होते, तेव्हा ही हालचाल थोडीथोडकी नसते. ताठ कवच तिच्याबरोबर हलत नाही. कडेला कुठेतरी केसाएवढी फट पडते, तिथून शिरलेले पाणी कवचाखाली कोंडून राहते, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या छपराखाली फळ्या कुजत जातात. ॲल्युमिनिअमचे दुखणे निराळे आहे. लोखंडी खिळ्या-स्क्रूंशी त्याचा संबंध आला आणि मध्ये पाणी राहिले की खिळ्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. शिवाय थंडीच्या रात्री आत माणसे निजली की त्यांच्या श्वासाची वाफ पत्र्याच्या आतल्या अंगाला लागून थेंब थेंब खाली येते. जुना कॅनव्हास लाकडाबरोबर हलत होता आणि फाटला तर डोळ्यांना दिसेल असा फाटत होता. वयस्क सुताराने खांदे उडवले त्यात एवढे सारे होते, असे मी आता म्हणतो. त्याला ते शब्दांत मांडण्याची गरज कधी पडली नव्हती इतकेच.

म्हणजे ‘होते तेच लावा’ हाच निष्कर्ष झाला का? इथे सफेता आडवा येतो.

सफेता म्हणजे शिशाचे संयुग. जुन्या रंगाऱ्यांना तो प्रिय होता, कारण तो तेलात सुंदर मिसळे, कापडाला धरून राही आणि वर्षानुवर्षे लवचीक राही. त्याची पूड घोटणाऱ्याच्या आणि वाळलेला रंग खरवडणाऱ्याच्या शरीरात मात्र शिसे साठत जाते. पोटात कळा येतात, मनगटे लुळी पडतात. मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार केला, तो रंगाऱ्यांच्या या हालांमुळेच. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत नव्वद भाग अशी ठरवणारे नियम २०१६ साली झाले आणि पुढच्या वर्षी लागू झाले. आता मूळ छपराशी प्रामाणिक राहायचे म्हणून कोणा पोराच्या हाती सफेत्याची पूड द्यायची का? माझ्या मते नाही. यात शंकेलाही जागा नाही. ज्यांनी ते छप्पर मुळात केले त्यांनी सफेता निवडला तो त्यांना त्याहून बरे काही ठाऊक नव्हते म्हणून. आपल्याला ठाऊक आहे. त्यांचे अज्ञान आपण निष्ठेच्या नावाखाली उसने घेऊ शकत नाही. जुना थर खरवडतानाही तो कोरडा घासू नये, ओला करून काढावा, आणि ते काम घरातल्या लहान मुलांच्या वावराच्या जागी करू नये, एवढे मी गृहस्थांना सांगितले. तत्त्वचिंतनापेक्षा या सूचनेचा त्यांना अधिक उपयोग झाला असावा.

द्रव्याविषयीच्या निष्ठेला अशी एक सीमा पडते. एकदा ती मान्य केली की मग ‘थोडे बदललेच आहे, तर सगळेच बदला’ असे म्हणणारे पुढे येतात. गृहस्थांकडेही असे एक जण आले. जुन्या गाड्या जमवणारे हे सद्गृहस्थ बाहेरगावचे. त्यांनी चांगली किंमत देऊ केली आणि जाता जाता सल्ला दिला की आतून फायबर घाला, वरून कॅनव्हास चिकटवा आणि रंग जुनाट करून घ्या. उकलून कोण पाहणार आहे?

एकोणिसाव्या शतकात युरोपात या प्रश्नावर मोठा वाद झाला होता. फ्रान्समध्ये व्हिऑले-ल-द्युक यांनी अशी भूमिका घेतली की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला पूर्णत्वाला नेणे, मग ती त्या रूपात पूर्वी कधी नसली तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांना जीर्णोद्धार ही कल्पनाच असत्य वाटे. वेळच्या वेळी डागडुजी करा, म्हणजे जीर्णोद्धार करावा लागणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या शाकारणीचे तत्त्व रस्किन यांना पटले असते. पुढे १९६४ साली व्हेनिसच्या सनदेने मधला मार्ग काढला. हरपलेल्या भागाच्या जागी बसवलेला नवा भाग संपूर्णाशी मिळताजुळता असावा, पण तो मूळ भागाहून वेगळा ओळखू यावा, म्हणजे जीर्णोद्धाराने इतिहासाची खोटी साक्ष दिली जाणार नाही. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या शतकाच्या दुसऱ्या दशकात तूरिन येथील सनदेत हीच दृष्टी वाहनांना लावली.

हे सारे संग्रहालयांपुरते आहे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या कायद्यानेही हा प्रश्न अंगणात आणून ठेवला आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. त्यासाठी गाडी मूळ रूपात जतन केलेली असावी लागते. तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. मग कुजलेल्या सागाऐवजी नवा साग बसवणे हा फेरबदल की दुरुस्ती? कापड तेच, रंग बिनशिशाचा, हा फेरबदल की दुरुस्ती? आणि वरून कॅनव्हास, आतून फायबर हे जर तपासणाऱ्याच्या डोळ्यांना मूळ रूपच दिसले, तर ते मूळ रूप ठरते का? नियमाचे शब्द इथे थांबतात. अर्जावर जो सही करतो, त्याला आपण काय केले आहे हे ठाऊक असते.

मला त्या सल्ल्यात जे खुपले ते फायबर नव्हे. एखाद्याला परवडत नाही, कारागीर मिळत नाही, म्हणून त्याने उघड उघड पत्रा ठोकला तर त्यात असत्य नाही. टिनाचे घर स्वतःला कवेलूचे म्हणवत नाही. खुपले ते ‘उकलून कोण पाहणार?’ हे वाक्य. कारण छप्पर कोणीतरी उकलतेच. आज नाही तर तीस वर्षांनी, घरातलाच कोणी किंवा विकत घेणारा. तो त्या वेळी आपल्यासारखाच वर चढून, कुजका कोपरा नखाने उकरून, आधीच्या माणसाने काय केले हे समजून घेऊ पाहील. त्याची फसवणूक आपण आजच करून ठेवतो. फायबरचे कवच लाकडाला चिकटवले की ते लाकूड न फोडता निघत नाही, म्हणजे त्याच्या हातून निवडही काढून घेतो. विकत घेणाऱ्याला फसवणे हा गुन्हा आहे, पण जो अजून जन्मला नसेल त्या दुरुस्त करणाऱ्याला फसवण्याला कायद्यात नावच नाही.

याच विचाराने मी एकदा नागपूरच्या मोतीबागेतले नॅरो गेज संग्रहालय आठवत होतो. ते २००२ साली उघडले. आमच्या गावातून जबलपूर-गोंदिया ही अडीच फुटी रुंदीची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभापासून धावत होती. बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी तिची लहान लाइन २०१५ साली बंद पडली आणि पुढे तिथे मोठी लाइन आली. त्या गाडीत ज्यांनी प्रवास केला त्यांना ती आठवते ती कोळशाच्या कणांनी, लाकडी बाकांनी आणि घाटातल्या मंद चालीने. अशा गाडीचा डबा जतन करायचा तर कोणत्या सालचा करायचा? पहिल्या दिवसाचा, की शेवटच्या दिवसाचा, ज्यात शंभर वर्षांच्या दुरुस्त्या मुरल्या होत्या? दुरुस्त्याही त्या वस्तूच्या आयुष्याचाच भाग असतात. गृहस्थांच्या गाडीवरही वडिलांनी एका कोपऱ्यात डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकून गळती थांबवली होती. तो पत्रा मूळचा नव्हे, पण तो काढून फेकणे मला अवघड वाटले असते. गृहस्थांना वाटले नाही. त्यांनी तो काढला, धुतला आणि आतल्या फळीवर ठेवला.

छपराचे पुढे असे ठरले. शाबूत निघालेल्या फळ्या राखायच्या, कुजलेल्यांच्या जागी सागाच्याच नव्या घालायच्या. नव्या फळ्यांना जुना रंग द्यायचा नाही. आतून पाहिले की त्या वेगळ्या दिसतील, दिसू द्यायच्या. कापड जाड सुती, रंग बिनशिशाचा. हा रंग सफेत्याइतका टिकणार नाही, दर वर्षी हात द्यावा लागेल, हे सुताराने बजावून सांगितले. काय बदलले त्याची यादी कागदावर करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवायची आणि नोंदणीच्या अर्जालाही जोडायची. अर्ज नाकारला गेला तर नाकारला गेला. बाहेरगावच्या त्या सद्गृहस्थांनी किंमत निम्म्यावर आणली, तेव्हा विक्रीचा विषय मागे पडला.

फळ्या काढताना त्यांच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने घातलेले देवनागरी आकडे निघाले. कोणती फळी कुठे बसायची याच्या नागपूरच्या सुतारांनी केलेल्या खुणा. सात ते अकरा हे आकडे कुजून गेले होते. वयस्क सुताराने नव्या फळ्यांवर तेच आकडे घातले आणि प्रत्येकापुढे साल लिहिले. मृगाला तीन आठवडे होते आणि कापड अजून आले नव्हते.